स्पिनोझा एकांतवासी नव्हता

सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा याच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यात त्याला ‘जगापासून तुटलेला एकांतवासी’ म्हटलंय ते पटलं नाही. 1656 साली ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला वाळीत टाकलं, तेव्हा तो अवघा 23 वर्षांचा होता. कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, एका छपराखाली राहायचं नाही, चार हातांच्या आत जायचं नाही, त्याने लिहिलेलं वाचायचं नाही, असा तो फतवा! तरी माणसं त्याच्याकडे येतच राहिली. भिंगं घासून तो पोट भरायचा, लंडनच्या रॉयल सोसायटीचा सचिव ओल्डेनबर्ग त्याला पत्रं लिहायचा, आणि 1676 मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ हेगला येऊन त्याला भेटून गेला.

1673 मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाच्या प्राध्यापकपदाला त्याने नकार दिला, त्यावर लेखात एक ओळही नाही. प्रस्थापित धर्माला धक्का लावायचा नाही, अशी अपेक्षा त्या पदासोबत होती; तिची मर्यादा नेमकी कुठवर, हे त्याला कळेना. माझ्या मते हाच त्याच्या आयुष्यातला सर्वात मोठा निर्णय. ‘एथिक्स’ हे त्याचं मुख्य पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर मित्रांनी छापलं, तेही त्याच्या नावाच्या नुसत्या आद्याक्षरांवर. पुढे आइनस्टाइनने 1929 मध्ये आपण स्पिनोझाचा देव, म्हणजे विश्वाच्या सुसंगतीत दिसणारा देव, मानतो असं जाहीर सांगितलं. या प्रभावावर स्वतंत्र लेख जरूर लिहा.