टाकीचे घाव आणि क्वायोलाचा रोबोट

नमस्कार. रोबोटकडून शिल्पं कोरून घेणाऱ्या दाविदे क्वायोला या इटालियन कलावंतावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. खाली सही फक्त 'पाथरवटाचा मुलगा' अशी आहे, म्हणून नावाने हाक मारता येत नाही. दोन दिवस तुमचं म्हणणं डोक्यात घोळत होतं. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं ते नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. इथे घाव घालतोय कारखान्यातला रोबोट, तेही थर्मोकोलच्या ठोकळ्यावर. वर नक्कल मायकेलएंजेलोची. मग यात कलावंत कुठे आहे? तुमचे वडील जात्या-पाट्यांना टाकी लावत गावोगाव हिंडले, त्यांना कोणी कलावंत म्हटलं नाही, आणि बटण दाबणाऱ्याला मी डोक्यावर घेतोय. शेवटी तुम्ही विचारलंत, 'हे काम तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय का?'

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही, क्वायोलाचं काम मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. छायाचित्रं आणि चित्रफिती पाहिल्यात, त्याही पुन्हा पुन्हा. लेखात हे सांगायला हवं होतं. शिल्प फोटोत पाहणं आणि त्याच्याभोवती एक फेरी मारणं यात फार अंतर आहे, हे मला कळतं.

ज्या शिल्पांवरून त्याने 'कॅप्टिव्हज' (बंदिवान) ही मालिका केली, ती मात्र मी फ्लॉरेन्सच्या अकादेमिया गॅलरीत पाहिली आहेत. लांब दालनाच्या टोकाला मायकेलएंजेलोचा प्रसिद्ध पुतळा डेव्हिड उभा आहे आणि आत शिरलेला प्रत्येक जण त्याच्याकडेच धावतो. वाटेत दोन्ही बाजूंना त्याचेच चार बंदिवान आहेत, अर्धे दगडात, अर्धे बाहेर. त्यातल्या अ‍ॅटलासपाशी मी बराच वेळ थांबलो. छाती, पोट, मांड्या सुटून आल्यात, पण डोकं अजून दगडातच आहे. मान जिथे संपायला हवी तिथून एक चौकोनी धोंडा सुरू होतो. जवळ गेलं की अंगावर बारीक समांतर रेघा दिसतात, दातेरी टाकी एकाच दिशेने ओढल्याच्या. जिथे त्याहून जाड, टोकदार टाकीचे टोले आहेत तिथे दगड नुसता फोडल्यासारखा आहे. कुठली टाकी कुठे थांबली आणि दुसरी कुठून लागली, हे पाचशे वर्षांनंतरही वाचता येतं. तुमच्या वडिलांनी ते एका नजरेत ओळखलं असतं.

ही शिल्पं अर्धवट का राहिली? १५०५ मध्ये पोप दुसऱ्या ज्युलियसने आपल्या समाधीचं काम मायकेलएंजेलोला दिलं. बेत अवाढव्य होता. पुढे पोप वारला, वारसांशी करार बदलत गेले, आराखडा आखडत गेला आणि १५४५ मध्ये जी समाधी उभी राहिली तिच्यात या चौघांना जागाच उरली नव्हती. मायकेलएंजेलो गेल्यावर ते फ्लॉरेन्सच्या सत्ताधारी मेदिची घराण्याकडे आले आणि तिथल्या बोबोली बागेतल्या एका कृत्रिम गुहेच्या चार कोपऱ्यांत, जणू छत तोलून धरल्यासारखे, बसवले गेले. तिथून ते १९०९ मध्ये गॅलरीत आले. मायकेलएंजेलोने ते मुद्दाम तसे सोडले का, यावर अभ्यासकांचा वाद जुनाच आहे. मला वाटतं, निदान निम्मं काम परिस्थितीने केलं.

आता क्वायोलाकडे येतो. जन्म १९८२ चा, रोमचा. म्हणजे लहानपणापासून अवतीभवती चर्च, भित्तिचित्रं, संगमरवर. 'कॅप्टिव्हज'मध्ये तो संगणकावर खडकांसारखे आकार वाढवतो आणि त्यांतून हळूहळू मानवी शरीर उमलू देतो. कधी ते पडद्यावर सतत बदलत राहतं, कधी त्यातला एक क्षण निवडून रोबोट तो ठोकळ्यातून कोरून काढतो. खांदा गुळगुळीत, दंडापर्यंत सगळं नीट, आणि कोपराच्या अलीकडे शरीर एकदम त्रिकोणी पैलूंत मोडून ठोकळ्यात विरून जातं. बाकी पृष्ठभागावर कोरणाऱ्या हत्याराच्या समांतर खाचा तशाच ठेवलेल्या. यंत्राने कोरलेली मूर्ती नंतर घासून, खाचा पुसून विकता येते. हा माणूस त्या दाखवतो.

तुम्ही विचारलंत कलावंत कुठे आहे. माझ्या मते तो थांबण्यात आहे. रोबोटला थकवा नाही, त्याचा पोप मरत नाही, करार बदलत नाही. त्याच्यावर सोडलं तर तो अंगठ्याच्या नखापर्यंत सगळं पुरं करेल. मायकेलएंजेलोला बऱ्याच अंशी परिस्थितीने थांबवलं, क्वायोलाला स्वतः थांबावं लागतं आणि ते कुठे, हे यंत्र सांगत नाही. कोपराच्या चार बोटं अलीकडे की पलीकडे, यावर ते शिल्प उभं राहतं किंवा पडतं.

हात कोणाचा हा प्रश्नही रोबोटच्या फार आधीचा आहे. उत्तर इटलीत पोसान्यो गावी कानोव्हा या जुन्या शिल्पकाराच्या प्लॅस्टरच्या मूळ मूर्ती जपल्या आहेत. त्यांच्या अंगभर छोटे धातूचे खिळे ठोकलेले दिसतात, गालावर, छातीवर, गुडघ्यावर. त्या बिंदूंवरून मापं घेऊन कारागीर संगमरवर त्या त्या खोलीपर्यंत उतरवत. कानोव्हा शेवटी मेणबत्तीच्या उजेडात फक्त वरची त्वचा घडवायचा. फ्रेंच शिल्पकार रोदँच्या संगमरवरी मूर्तीही बहुतेक त्याच्या कारागिरांनीच कोरल्या. रोबोट आज करतो ते मूळ काम तेच आहे, बिंदू वाचायचा आणि तेवढं खोल जायचं.

इथे तुमच्या वडिलांबद्दलचं वाक्य माझ्या मनाला लागलं आणि ते खरं आहे. कानोव्हाचं नाव जगाला पाठ आहे, ते खिळे मोजून दगड उतरवणारे कोण होते हे कोणी विचारत नाही. आज इटलीतल्या कॅरारा गावच्या संगमरवर कारखान्यांतही रोबोट कोरतात, माणसं शेवटचा हात फिरवतात आणि खाली सही तिसऱ्याचीच. हा अन्याय आहे. क्वायोलाच्या कामाने तो दूर होत नाही, आणि मीही माझ्या लेखात त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. ती चूक माझी.

थर्मोकोलच्या बाबतीतही मी तुमच्याच बाजूचा आहे. दगडाला शीर असते, तो कधी ऐकतो, कधी उलटा फुटतो. फोम कशालाच नाही म्हणत नाही. क्वायोलाच्या 'स्कल्प्चर फॅक्टरी' या कामात रोबोट लोकांसमोर असे भलेमोठे ठोकळे कोरतो. चित्रफितीत तो पांढरा भुसा बर्फासारखा पडताना पाहून आधी भान हरपतं, मग काहीतरी उणं वाटायला लागतं. ते उणेपण म्हणजे दगडाचा विरोध. म्हणीतला घाव सोसणारा दगडच आहे ना? घाव घालणारा कोण, ते म्हण सांगत नाही, पण सोसणारा कुणीतरी लागतो, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

नकलेचा आरोप मात्र मला पटत नाही. क्वायोलाने लाओकूनच्या, म्हणजे सापांच्या विळख्यात सापडलेल्या पुरोहिताच्या प्राचीन शिल्पाचीही अनेक रूपं केली आहेत. ते मूळ शिल्प १५०६ मध्ये रोमच्या एका द्राक्षमळ्यात सापडलं तेव्हा त्याचा उजवा हात नव्हता. सोळाव्या शतकातल्या शिल्पकारांनी वर ताणलेला हात जोडला. १९०६ मध्ये एका जाणकाराला रोममध्येच खरा हात मिळाला, तो निघाला कोपरात दुमडून मागे गेलेला. व्हॅटिकनने तो बसवला १९६० च्या आसपास. चारशे वर्षं लोकांनी ज्याला लाओकून म्हणून नमस्कार केला, त्याचा हात दुसऱ्याच कोणाच्या मनातला होता. जुन्या मूर्तीला प्रत्येक पिढी हात लावतेच. क्वायोला तो उघडपणे लावतो.

शिवाय तो फक्त जुन्या मास्टरांवर जगत नाही. २०१२ मध्ये मेमो आक्तेन या कलावंताबरोबर त्याने 'फॉर्म्स' हे अ‍ॅनिमेशन केलं, खेळाडूंच्या हालचालींतून शरीर वजा करून उरलेल्या बलांचे आकार. त्याला पुढच्या वर्षी आर्स इलेक्ट्रॉनिकाचं गोल्डन निका, म्हणजे डिजिटल कलेतलं मोठं पारितोषिक मिळालं.

राहता राहिली तुमच्या वडिलांच्या कामाची गोष्ट. आमच्या आजीकडे जातं होतं. वर्षाकाठी टाकीवाला यायचा आणि ओसरीवर बसून दोन्ही पाळ्यांना टाकी लावायचा. टक् टक् टक्, दुपारभर. मी एकदा विचारलं होतं, गुळगुळीत दगड छान दिसतो तर हे मुद्दाम खरबरीत का करता? तो म्हणाला, गुळगुळीत जातं दळत नाही बाळा, नुसतं फिरतं. अकादेमियात अ‍ॅटलासच्या अंगावरच्या रेघा बघताना मला तो माणूस आठवला होता. लेखात लिहायचं मात्र राहून गेलं.

'इथे यंत्रच कलावंत झालं आहे' हे माझ्या लेखातलं वाक्य मी आज काढलंय. ते चुकीचं होतं, आणि त्याच्यावरच तुम्ही बोट ठेवलं होतं. आता माझी एक विनंती. जात्याला टाकी लावताना पुरे झालं हे तुमच्या वडिलांना कशावरून कळायचं? आवाजावरून, की बोट फिरवून? तुम्हाला आठवत असेल तर इथेच खाली लिहा.