थ्रीडी नंतर बघू, आधी नळ-वायरींचा कागद काढा

हल्ली घराचं काम काढायचं ठरलं की सर्वात आधी थ्रीडी येतं. इंटिरियरवाला लॅपटॉप उघडतो आणि स्क्रीनवर आपलाच हॉल असा काही उजळून निघालेला दिसतो की आपण इतकी वर्षं तिथे राहतोय यावर विश्वास बसत नाही. त्या चित्रात कपडे वाळत घालायची दांडी नसते. गव्हाची कोठी नसते. गॅसचा दुसरा सिलिंडर, इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचं बोचकं, दाराबाहेरच्या चपला, काही म्हणजे काही नसतं. त्या घरात कुणी राहतच नाही, म्हणून ते सुंदर दिसतं. आणि आपण त्या चित्राच्या जिवावर आठ-दहा लाखांचा निर्णय घेऊन मोकळे होतो.

मी आर्किटेक्ट नाही, ठेकेदार तर नाहीच नाही. पुण्यात ऐंशीच्या दशकातल्या एका इमारतीत राहतो आणि बरीच वर्षं सोसायटीच्या कमिटीत आहे. त्यामुळे लोकांच्या घरांची कामं परवानगीच्या अर्जापासून ते खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येईपर्यंत पहिल्या रांगेतून बघायला मिळतात. आमच्या घराचंही काम झालं मध्यंतरी. एवढ्या भांडवलावर सांगतो: जुन्या फ्लॅटमध्ये पहिला पैसा भिंतीच्या आत घाला. फॉल्स सीलिंग दोन वर्षांनीही करता येतं. टाईलच्या मागचा सडलेला पाईप बदलायचा तर ती टाईल फोडावी लागते, आणि तोवर तो नमुना दुकानातून गायब झालेला असतो.

अर्जात लोक लिहितात, ‘किरकोळ दुरुस्ती’. प्रत्यक्षात किचन आणि हॉलमधली भिंत काढायची असते. कारण काय, तर ओपन किचन. (ज्या घरात रोज फोडणी होते, बोंबील आणि ठेचा होतो, तिथे ओपन किचन कशासाठी, हे मला कळलेलं नाही. पण ज्याची त्याची आवड.) भिंत काढण्याआधी एकच गोष्ट कळली पाहिजे, ही इमारत कशावर उभी आहे. आपल्याकडच्या जुन्या दोन-तीन मजली इमारती बऱ्याचदा लोड बेअरिंगच्या असतात. तिथे स्लॅबचं वजन भिंतीच पेलतात, मधली भिंत ‘अडचण’ म्हणून काढायची सोय नाही. आरसीसी इमारतीत खांब आणि तुळया वजन घेतात, मधल्या अर्ध्या विटेच्या भिंती बहुतेक नुसता आडोसा असतात. बहुतेक म्हटलं, कारण ठोकून आवाज ऐकून हे ठरत नाही, आणि ‘साहेब, काय होत नाय’ असं मिस्त्री म्हणाला म्हणूनही ठरत नाही. मंजूर नकाशा सोसायटीच्या दप्तरात असतो, तो काढा. स्ट्रक्चरल इंजिनियरला घरी बोलवा. त्याची फी तुम्ही पसंत केलेल्या सोफ्यापेक्षा नक्की कमी असेल.

२५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तळमजल्यावर फेरबदलाचं काम सुरू होतं आणि त्यात खांबांना हात लावला, असा आरोप झाला. त्यानंतर काही दिवस सगळ्या सोसायट्यांनी कडक नोटिसा लावल्या. मग त्या नोटिशींवर गणपतीच्या वर्गणीचे कागद चिकटले.

वजनाचा दुसरा प्रकार कुणाच्या ध्यानातच येत नाही. ‘जुनी लादी काढायला नको, धूळ होते, वरूनच नवीन टाकू.’ ठीक आहे, हिशेब करू. दोन इंच सिमेंट-वाळूचा थर म्हणजे चौरस मीटरला साधारण १०० किलो, वर टाईलचे २० किलो. ५०० चौरस फुटांच्या घरात हे पाच टनांहून जास्त होतं. आणि राहत्या घराचा स्लॅब डिझाइन करताना माणसं आणि सामान मिळून चौरस मीटरला धरतात साधारण २०० किलो. म्हणजे निम्म्याहून जास्त जागा तुम्ही कपाट ठेवायच्या आधीच खाल्लीत. वरून टाकायचंच असेल तर ॲडहेसिव्हने पातळ थरात लावा, तेही इंजिनियरला विचारून. शिवाय जमीन वर आली की सगळी दारं खालून तासावी लागतात, ते वेगळंच.

आता पाणी. कमिटीकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये पार्किंगच्या खालोखाल नंबर लागतो गळतीचा. वरच्याने बाथरूम नवीन केलं की सहा महिन्यांत खालच्याच्या छताला नकाशा उमटतो. वरचा म्हणतो, माझं काम नवीन आहे, गळणं शक्य नाही. खालचा म्हणतो, नवीन केलंत तेव्हापासूनच गळतंय. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायटीच्या कारभाराच्या नियमांप्रमाणे) संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी आतली गळती ज्याची त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची असते, गच्चीतून किंवा बाहेरच्या सामाईक पाईपमधून होणारी सोसायटीने. वाचायला सोपं आहे. पण पाणी नक्की कुठून येतंय हे शोधायला पुन्हा तोडफोड करावी लागते आणि ती आपल्या घरात सुरू व्हावी असं कुणालाच वाटत नाही.

म्हणून बाथरूमला हात लावणार असाल तर तिथे घाई आणि काटकसर दोन्ही नको. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाईप आतून गंजून अर्धे बुजलेले असतात, ते अर्धे ठेवून अर्धे बदलू नका. गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा पाईप. भिंत बंद करण्याआधी लाइनला प्रेशर देऊन सांधे तपासायला लावा. नहाणी ट्रॅपचा (बाथरूमच्या जाळीखालच्या, पाणी वाहून नेणाऱ्या भांड्याचा) सांधा स्वतः वाकून बघा, निम्म्या भानगडी तिथेच असतात. वॉटरप्रूफिंग झालं की ट्रॅप बंद करून पाणी भरून ठेवायचं, किमान ४८ तास, आणि खालच्या घरी जाऊन छत बघायचं. ठेकेदार म्हणेल एक रात्र पुरे. त्याला दुसऱ्या साइटवर माणसं न्यायची असतात. टाईल बसवताना उताराकडे लक्ष ठेवा. फुटा-फुटाला पाव इंच असला तर उत्तम, पण आठ फुटी बाथरूममध्ये दाराकडून जाळीकडे किमान एक इंच तरी उतार हवाच. तपासायला लेव्हल पाईप लागत नाही. बादलीभर पाणी ओता आणि कुठे साचतंय ते बघा. सिमेंट ओलं आहे तोवर टाईल उचलून परत बसवता येते, नंतर फक्त वायपर फिरवता येतो.

वायरिंगबाबत आमच्या पिढीचा हिशेब चुकीचा आहे. आम्ही ‘पॉइंट’ मोजतो, भार मोजत नाही. गीझर २००० वॅट, इंडक्शन २०००, दीड टनी एसी दीड हजाराच्या पुढे, मायक्रोवेव्ह हजारावर. रविवारी सकाळी हे सगळं एकदम चालू झालं की साडेसहा-सात किलोवॅट होतात. आणि महावितरणच्या बिलावर ‘मंजूर भार’ अशी एक ओळ असते, ती आयुष्यात कुणी वाचलेली नसते. आज वाचा. वाढवायचा असेल तर अर्ज काम सुरू व्हायच्या आधी करा. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची वायर चालते, १६ अँपिअरच्या सॉकेटला अडीच, एसी आणि गीझरला चारची स्वतंत्र लाइन. अर्थिंग खरोखर जोडलंय का ते तपासा, कारण जुन्या घरात तिसरं भोक अनेकदा शोभेचं असतं. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) बसवून घ्या, माणसाला झटका बसायची वेळ आली तर तोच लाइन तोडतो, जास्त भार आला की पडणारा एमसीबी तोडत नाही.

पॉइंट कुठे हवेत हे ठरवायला रिकाम्या भिंतीवर खडूने पलंग, टेबल, फ्रिज काढा. खऱ्या मापाचे. मग कळतं की चार्जरचा सॉकेट पलंगाच्या मागे गेलाय. भिंतीत झिऱ्या (वायरीच्या पाईपसाठीच्या खाचा) कापून पाईप टाकले आणि प्लॅस्टर व्हायचं बाकी आहे, त्या दिवशी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, शेजारी टेप धरून. पुढे आरसा टांगायला ड्रिल मारताना हे फोटो थ्रीडीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

स्वयंपाकघराबद्दल मात्र मला जास्त बोलायचंय. ठेकेदार मापं घ्यायला येतो तेव्हा बोलतो घरातल्या पुरुषाशी. ओटा किती उंच, हे तो ‘आपलं नेहमीचं, बत्तीस-तेहतीस’ म्हणून स्वतःच ठरवतो. त्या ओट्याशी रोज दोन-तीन तास उभी राहणारी बाई त्याच वेळी त्याच्यासाठी चहा करत असते. पाच फूट उंचीच्या सासूला आणि साडेपाच फुटी सुनेला एकच ओटा सोयीचा कसा होईल? जो जास्त वेळ उभा राहतो त्याच्या कोपराखाली चार ते सहा इंच, हे साधं माप धरा आणि विटा रचून, वर फळी ठेवून, पोळ्या लाटून बघा. सिंक थोडं उंच असलं तर पाठ वाचते. आणि भांडी घासायला मावशी येत असतील तर ड्राय बाल्कनीतल्या नळाची उंची त्यांना विचारा. आमच्याकडे विचारली तेव्हा त्यांनी नळ हलवायला सांगितला नाही, मोरीची कड दोन बोटं वर घ्यायला सांगितली, कारण पाणी पायांवर येतं. एकाही डिझायनरच्या डोक्यात ते आलं नसतं.

ट्रॉल्यांचं कोटेशन मिळालं की त्यात प्लाय कुठला, ते लिहून घ्या. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द पुरेसा नाही. आयएस ७१० (आयएस म्हणजे भारतीय मानक) असा शिक्का असतो तो पाण्याला टिकणारा, सिंकखाली तोच हवा. आयएस ३०३ चा साधा एमआर, म्हणजे फक्त दमटपणा सोसणारा प्लाय, बेडरूमच्या कपाटाला चालतो. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतो, पण एकदा पाणी प्यायला की फुगतो. कोटेशनमध्ये बास्केट, बिजागऱ्या, चॅनेल धरलेत का तेही बघा, बहुधा ते ‘एक्स्ट्रा’मध्ये असतात.

‘स्क्वेअर फुटाला इतके, सगळं धरून’ असं सांगणाऱ्याला हात जोडा. ‘सगळं’ म्हणजे काय ते कामागणिक लिहून हवं: किती मीटर पाईप, कुठल्या कंपनीचा, टाईलचा मूळ भाव काय धरला, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची टाईलची पट्टी) वेगळं का, मोजमाप कोण आणि कसं घेणार. तीन जणांकडून कोटेशन घेताना तिघांना एकच यादी द्या, नाहीतर तुलना कशाची करणार? पक्क्या बिलावर १८ टक्के जीएसटी आहे, तो बजेटमध्ये आधीच धरा. कच्च्या बिलात तो वाचतो आणि भांडायची वेळ आली की हातात काहीच कागद नसतो. पैसे टप्प्याने द्या आणि शेवटचे दहा टक्के एक पाऊस जाईपर्यंत राखून ठेवा. ठेकेदार कुरकुरतो. आधी लिहून घेतलं असेल तर ऐकतो. शिवाय पंधरा टक्के रक्कम कुणालाही न सांगता बाजूला ठेवा, ठेकेदाराला तर अजिबात नको. टाईल मोजमापापेक्षा दहा टक्के जास्त, एकाच लॉटच्या घ्या, एक खोकं माळ्यावर जपून ठेवा.

मुहूर्ताचं म्हणाल तर पितृपक्षात लोक कामं काढत नाहीत, त्यामुळे चांगले कारागीर तेव्हा मोकळे सापडतात. मला विचाराल तर तोडफोडीला उत्तम काळ. दिवाळीपर्यंत घर पूर्ण करून देतो असं गणपतीत सांगणाऱ्यावर मात्र विश्वास ठेवू नका, ऐन दिवाळीत माणसं गावी जातात. पावसाळ्यात प्लॅस्टर आणि लांबी (रंगाआधी भिंतीला लावायची पुट्टी) नीट वाळत नाही. भिंत ओली असताना रंग मारला की पुढच्या वर्षी पापुद्रे. आणि शक्य असेल तर त्या काळात दुसरीकडे राहायला जा. एका खोलीत संसार कोंबून बाकीच्या घराचं काम करायचं म्हणजे कामही लांबतं आणि घरातली माणसं एकमेकांना बोलेनाशी होतात.

राडारोडा कुठे जाणार, हेही ठेकेदाराला तोंडावर विचारा. २०१६ च्या नियमांपासून तो नीट जागी पोचवायची जबाबदारी काम काढणाऱ्याची आहे. रात्री टेम्पो भरून मुठेच्या पात्रात काय रिकामं होतं ते आपण सगळेच बघतो आणि पुन्हा पुराच्या वेळी नदीला नावं ठेवतो. महापालिकेच्या केंद्रावर नेल्याची पावती मागा, पावती दाखवल्याशिवाय वाहतुकीचे पैसे देऊ नका.

सोसायटीची लेखी परवानगी घ्या, तोंडी नको, सेक्रेटरी मित्र असला तरी नको. लिफ्टमधून सिमेंटची पोती न्यायची नाहीत, दुपारी दोन ते चार ड्रिल नाही, हे आमच्याकडे अर्जावरच छापलंय. (पुण्यात दुपारच्या झोपेचं महत्त्व वेगळं सांगायला नको.) आणि हातोडा पडायच्या आदल्या दिवशी खालच्यांकडे जा. पेढे नेलेत तर चांगलंच, पण मोबाईल विसरू नका. त्यांच्या बाथरूमचं छत, किचनचे कोपरे, जुन्या भेगा, सगळ्यांचे तारखेसह फोटो त्यांच्यासमोर काढा आणि तिथल्या तिथे त्यांनाही पाठवा. वाईट वाटून घेत नाहीत, उलट चहा देतात.