दाजी, गाडी काढा

सोलापुरात दोन वस्तू कडक: भाकरी आणि सकाळचा गुडघा. भाकरी आमटीत कुस्करली की मऊ पडते, गुडघ्याला वेळ द्यावा लागतो. झिजेचा संधिवात असेल तर आखडलेपण सहसा 30 मिनिटांत सुटतं. आमवातात तासाच्या वरही जातं. म्हणून "दाजी, सकाळी सातला तुळजापूरला गाडी काढा" म्हणणाऱ्या मेव्हण्याला मी साडेनऊची वेळ देतो. आई भवानी कुठं जात नाही. रस्ता 45 किलोमीटरचा, तरी मध्ये एकदा चहाला उतरायचं. चहा निमित्ताला, पाय मोकळे करणं मुख्य.

पण त्याआधी गाडीत शिरायचा घाट आहे. एक पाय आत टाकून वाकत घुसणं ही तरण्यांची रीत. त्यात कंबर आणि गुडघा एकदमच पिळतात. आमची रीत टांग्यातल्या नवरीची. सीट पूर्ण मागे, दाराकडे तोंड, आधी बूड टेकायचं, मग दोन्ही पाय जोडून आत. कापडी सीटवर कॅरिबॅग अंथरली तर माणूस सर्रकन फिरतो. निघण्याआधी ती ओढून काढायचीच, नाहीतर सात रस्त्याला ब्रेक दाबल्यावर गाडी थांबते आणि आपण पुढे जातो.

मग सीट पुढे घ्यायची. क्लच तळापर्यंत दाबूनही गुडघ्यात थोडा बाक उरला पाहिजे. कमरेच्या खोबणीत टॉवेलची गुंडाळी ठेवावी, आपल्याकडे टॉवेलचा दुष्काळ नाही. चादर मात्र गुंडाळू नका. तिच्या जाडीनं माणूस स्टिअरिंगला दंडवत घालतो.

खरा वैरी क्लच. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत अर्धा क्लच धरून सरपटत राहिलं की डावा गुडघा बैठका काढतो आणि प्लेट जळते ती वेगळीच. सिग्नलला न्यूट्रल, हँडब्रेक, पाय पेडलवरून खाली. पुढं दोन गाड्यांची जागा झाल्याशिवाय हलायचं नाही. मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू दे, त्याचे सांधे शाबूत आहेत. पेडल पूर्वीपेक्षा जड लागू लागलं तर गुडघ्याला तेल चोळण्याआधी गाडी दाखवा: केबल खराब झालेली असते नाहीतर प्लेट झिजलेली. "सवय होईल" म्हणणारा मेस्त्री बदलावा. जमलं तर गाडीच ऑटोमॅटिक घ्यावी, डावा पाय पेन्शनीत जातो.

हँडब्रेक सोडताना दांडा आधी किंचित वर ओढायचा, मग बटण. भार उतरल्यावर दुखरा अंगठाही ते दाबू शकतो. स्टिअरिंग जड लागलं तर मनगटाला दोष देण्याआधी टायरची हवा बघा. ती कमी असली की हात भरतात, जास्त झाली की विजापूर रोडचे गतिरोधक मणक्यात मोजता येतात. आकडा बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. 42 डिग्रीत एसी लागणारच, फक्त झोत बोटांवर नको.

एका बाबतीत चेष्टा नाही. उभ्या गाडीत, इंजिन चालू ठेवून, ब्रेक एकदम पूर्ण दाबून बघायचा. पाय कचरला तर त्या दिवशी चावी खुंटीला. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल किंवा प्रेगाबॅलिन नव्यानं सुरू झालं, डोस वाढला, तरी तेच. या गोळ्यांनी गुंगी येते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्टिअरिंग धरू नये.

उतरताना पुन्हा नवरी, उलट क्रमानं. त्याला दार पूर्ण उघडावं लागतं आणि नवी पेठेत तेवढी जागा मिळत नाही. म्हणून बायको दुकानात जाते, मी गाडीत बसून राहतो. तिला वाटतं, मला साड्यांचा कंटाळा आहे.