बिनआकड्याची लिंक मुख्य पॅकेजात कशाला?
लिनक्सवर शेअर्ड लायब्ररी (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती कोडची फाइल) पॅकेज कशी करावी यावरच्या लेखातला ‘डॉट एसओवर संपणारी लिंक मुख्य पॅकेजमध्येच टाका’ हा सल्ला पटला नाही. ही लिंक म्हणजे लायब्ररीच्या खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारं, आवृत्तीचा आकडा नसलेलं नाव. प्रोग्रॅम चालताना लोडर (लायब्ररी मेमरीत आणणारा भाग) सोनेम शोधतो, म्हणजे शेवटी आवृत्तीचा आकडा असलेलं नाव. बिनआकड्याची लिंक लागते ती बिल्डच्या वेळी लिंकरला, म्हणजे प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणाऱ्या साधनाला. म्हणूनच लिनक्सच्या वितरणांपैकी डेबियन ती डेव्हलपरांसाठीच्या ‘डेव्ह’ पॅकेजात ठेवतं, फेडोरा ‘डेव्हेल’मध्ये. प्रोग्रॅमने चालता चालता डीएलओपन या फंक्शनने उघडायच्या प्लगइनची गोष्ट वेगळी, ते सोडा.

लायब्ररी झिप करून पाठवण्याचा मुद्दा मात्र लेखात राहूनच गेलाय. आमच्याकडे बडोद्यात एका पुरवठादाराची झिप आली, तर प्रत्येक लिंकच्या जागी अख्खी फाइल! लायब्ररींच्या लिंक सांभाळणारं एलडीकॉन्फिग ‘ही सिम्बॉलिक लिंक नाही’ म्हणून कुरकुरतंय. झिप करताना वाय हा पर्याय दिला नाही की हे होणारच. टार हा फाइली एकत्र बांधायचा दुसरा प्रकार मुळातच लिंक जपतो. आम्ही आता सरळ टारच मागतो.