गोकाकचा कडा लाव्ह्याचा नव्हे, वाळूचा

पावसाळा लागला की बेळगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘गोकाकचा धबधबा सह्याद्रीसारखाच लाव्ह्याच्या खडकावरून पडतो. थर म्हणजे लाव्ह्याचे पापुद्रे, तांबडा रंग भाजल्याचा. नदीत काळे गोटे मिळतात, खडकावर आम्ल टाकलं तर फेस येत नाही, शिंपलेही नाहीत. मग हा गाळाचा कसा?’ माझ्या भाच्याने हे जसंच्या तसं शाळेच्या प्रकल्पात उतरवलं, म्हणून लिहायला बसले.

थर लाव्ह्यालाही असतात, हे मान्य. पण गोकाकच्या दगडाच्या ताज्या फुटीवर भिंग धरा. साखरेसारखे कण दिसतात, एकमेकांना घट्ट चिकटलेले. ही गारगोटीच, म्हणजे क्वार्ट्झ; काचेवर घासलं तर ओरखडा उठतो. घाटाकडच्या काळ्या, लाव्ह्याच्या दगडात असे वाळूचे कण नसतात, बुडबुड्यांची भोकं मात्र असतात. याहून बोलकी खूण हाताला लागते. एका सपाट थरावर तळवा ठेवला, तर बोटांखाली ओळीने बारीक वरंबे आले. ओहोटीनंतर किनाऱ्यावर वाळूत उमटतात तशा या लहरी, उथळ पाण्याने उठवलेल्या. लाव्ह्यालाही सुरकुत्या पडतात, पण त्या दोरखंडाच्या वेटोळ्यांसारख्या, आणि त्यांत वाळू नसते.

तांबडा रंग कणांवर बसलेल्या लोहाच्या ऑक्साइडचा, गंजाचाच भाऊबंद. काहीजण याला जांभाही म्हणतात. जांभा मूळ खडक जागीच कुजून होतो, जाळीदार असतो, खाणीत ओला असताना त्याचे चिरे पाडता येतात. गोकाकचा दगड तसा नाही.

काळे गोटे? धबधब्याची नदी घटप्रभा सह्याद्रीतून, काळ्या दगडाच्या मुलखातून येते. ते तिनेच वाहून आणलेले.

फेस येतो तो चुनखडकाला, सरसकट गाळाच्या खडकांना नव्हे. इथे कण सांधणारा चिकटा सिलिकेचा, म्हणजे गारगोटीच्याच द्रव्याचा आहे. त्यावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा परिणाम होत नाही. तेच आम्ल बागलकोट जिल्ह्यातल्या लोकापूरच्या चुनखडकावर टाका, लगेच फसफसेल.

राहिले शिंपले. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. ५२ मीटरच्या या कड्यातली वाळू ५४ कोटी वर्षांहूनही जुनी आहे. ती साचली तेव्हा शिंपल्यांचे प्राणी पृथ्वीवर आलेच नव्हते.