रेजिनाल्ड बर्केटविषयी: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार. इंग्लंडकडून रग्बी व फुटबॉल हे दोन्ही खेळ खेळलेल्या बर्केटवरील माझ्या लेखाबद्दल आपण दोन आक्षेप घेतले आहेत: रग्बीतल्या त्याच्या ट्रायला (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला) मी ‘इंग्लंडचा पहिला गुण’ म्हटले, ते चूक आहे, आणि एकच माणूस रग्बी व फुटबॉल या दोन्ही खेळांत देशाकडून खेळू शकला, यातून त्याची थोरवी नव्हे, तर त्या काळच्या खेळाचा कच्चेपणा दिसतो.

पहिला आक्षेप मान्य असून लेखात दुरुस्ती केली आहे. २७ मार्च १८७१ रोजी एडिंबरोच्या रेबर्न प्लेस मैदानावर पहिल्या आंतरराष्ट्रीय रग्बी सामन्यासाठी इंग्लंड व स्कॉटलंडचे वीस-वीस खेळाडूंचे संघ उतरले, तेव्हा ट्रायला स्वतःचे मोल नव्हते. गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवणाऱ्या संघाला गोलासाठी किक मारून पाहण्याचा हक्क तेवढा मिळे, आणि ‘ट्राय’ हे नावही त्यावरूनच पडले. सामन्याचा निकाल गोलांवर लागे. स्कॉटलंडची एक किक यशस्वी झाली, बर्केटच्या ट्रायनंतरची वाया गेली आणि इंग्लंड हरले.

दुसरा आक्षेप मात्र पटत नाही. बर्केटचा क्लॅपहॅम रोव्हर्स हा क्लब दोन्ही खेळ खेळणारा होता, त्यामुळे दोन्हींची सवय त्याला घरचीच म्हणायची. पण दोन्ही खेळ एकच होते असे नव्हे. २६ जानेवारी १८७१ रोजी रग्बी फुटबॉल युनियन ही रग्बीचा वेगळा कारभार पाहणारी संस्था स्थापन झाली, तिच्या पहिल्या समितीत तो स्वतः होता. म्हणजे ज्याने दोन खेळांची ही वाटणी करायला हात लावला, तोच पुढे दोन्ही बाजूंनी खेळला. (हे मूळ लेखात यायला हवे होते, आपल्यामुळे आठवले.)

१८७९ मध्ये ओव्हल मैदानावर स्कॉटलंडविरुद्ध गोलरक्षक म्हणून त्याने चार गोल खाल्ले, हे आपण पुराव्यादाखल मांडता. ते चारही गोल मध्यंतरापूर्वीचे होते आणि इंग्लंडने तो सामना ५-४ असा जिंकला, हेही सांगायला हवे. पुढच्याच वर्षी एफए कप या इंग्लंडमधील फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात क्लॅपहॅम रोव्हर्सने ऑक्सफर्ड विद्यापीठाला १-० ने हरवले, तेव्हा गोलात तोच होता. फुटबॉलमधला त्याचा आंतरराष्ट्रीय सामना तो एकच, हे खरे. त्या बळावर त्याला थोर गोलरक्षक म्हणण्याचा माझा आग्रह नाही.

आपण म्हणता ते त्याचे रग्बीतले ‘अवघे चार सामने’ मात्र आजच्या मापाने मोजू नयेत. १८७१ ते १८७७ या काळात इंग्लंडच्या वाट्याला हंगामात एखाद-दुसराच आंतरराष्ट्रीय सामना येई, आणि पहिल्या सामन्यातला खेळाडू सहा वर्षांनंतरही संघात होता.