वनविहारातली पायवाट मातीचीच राहू द्या

सिद्धेश्वर वनविहारातल्या सोप्या फेरीवरचा लेख आवडला, पण 'पायवाटेवर फरशी बसवावी' ही सूचना पटली नाही. वाट सपाटच आहे, गुडघे धरलेली माणसंसुद्धा मातीवरून आरामात चालतात. फरशी टाकली की सोलापूरच्या उन्हात ती तव्यासारखी तापणार. एप्रिल-मेत आपल्याकडे पारा चाळिशी पार जातो, त्यामुळे त्या दिवसांत सूर्य वर यायच्या आत फेरी संपवलेली बरी.

लेखात गवताळ भागाला 'मोकळी पडीक जागा' म्हटलंय, ते वाचून वाईट वाटलं. तो माळ आहे हो! टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ठिपक्यांची, मातकट, पायाशी असली तरी खड्यांतून ओळखू येत नाहीत. चंडोलही गवताच्या बुडाशीच घर करतो. म्हणून शॉर्टकट मारू नका, मुलांना वाटेवरच चालवा. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर लगेच मागे फिरा, अंडी जवळच असतात.

आणि पावसाळ्यानंतर जाणार असाल तर बंद बूट घाला. कुसळं मोज्यांत अशी रुततात की घरी आल्यावर एकेक उपसत बसावं लागतं.